करपलेलं खोबरं आणि नाकाचा प्राध्यापक

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. कुणी विषय काढलाच तर मी व्याख्यान द्यायचो. व्याख्यानाआड माणसाला छान लपता येतं.

जबलपूरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवलं. वास हा माझा लाडका धडा. उंदीर असो की माणूस, नाकात वास टिपणाऱ्या पेशींचे शेकडो प्रकार असतात. एका वासाने त्यांतले अनेक एकदम जागे होतात, हार्मोनियमच्या बऱ्याच पट्ट्या एकत्र दाबाव्यात तसे. कुठल्या पट्ट्या दाबल्या गेल्या ते ओळखून मेंदू सांगतो, हे जिरं, हा मोगरा. हे सांगताना मी नाकपुड्या फुगवायचो. मुलं खूश. घरी मात्र दूध करपलं तरी मला पत्ता लागत नसे. घरातलं नाक बायकोचं होतं.

जबलपूरच्याच अधारताल वस्तीतली आम्ही चार विदर्भाकडची घरं उन्हाळ्यात काळा मसाला एकत्र भाजायचो. कढई आमच्या अंगणात लागे. बायको शेजारी डोळे मिटून उभी राही. ती "काढा" म्हणाली की खोबरं उतरे, मग धने, मग दगडफूल. नंतर सगळं घमापूरच्या चक्कीवर. तिच्या शब्दाशिवाय कुणी झारा हलवत नसे.

कोरोनाचा ताप उतरल्यावर ती म्हणाली, "अहो, कांद्याला रबर जळल्यासारखा वास येऊन राहिला."

"मग रबर नको घालूस," मी पेपरातून मान न काढता म्हणालो. या विनोदाला मी एकटाच हसलो.

मसाल्याचे दिवस आले तेव्हा ती म्हणाली, "यंदा दुसऱ्या कोणाला उभं करा ना."

"काहून? लोक काय म्हणतील?"

ती उभी राहिली. डोळे मिटून वाट पाहत राहिली. खोबरं तांबूस झालं, काळं झालं, धूर निघाला. झारा धरलेली शेजारची सून घाबरून ओरडली, "काकू! जळून राहिलं जी!"

"काकूंना डुलकी लागली!" मी ओट्यावरून म्हणालो. या वेळी सगळे हसले, आणि मला फार बरं वाटलं.

कडेला बसलेल्या हिंदीभाषक शेजारीणबाई मात्र हसल्या नाहीत. "सरजी, आप तो इसी के प्रोफेसर हो. बुखार के बाद नाक बिगड़ जाती है ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनेही. मला उत्तर ठाऊक होतं. तापात नाकातली यंत्रणा बिघडते, पुन्हा उभी राहताना तारा भलत्याच जागी जुळू शकतात, आणि मेंदूला भलतेच सूर ऐकू येतात. पण नुकताच मिळवलेला हशा परत कसा करायचा?

"इतने महीने बाद? नहीं जी," मी म्हणालो. "ध्यान नहीं रहता इनका."

पुढच्या उन्हाळ्यात कढई दुसऱ्या अंगणात लागली. "मला बोलावलं नाही," ती म्हणाली.

"बरंच झालं. उन्हाचा त्रास वाचला."

एकदा मात्र धीर केला. ती सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, निवडत होती. मी त्याच्या काड्या ताटात मांडल्या, ही नाकातली तार, हा मेंदू, अशी सुरुवात केली आणि बराच वेळ बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"तत्त्वतः," मी म्हणालो. तत्त्वतः! बायकोशी बोलायचा हा शब्द आहे?

"द्या त्या काड्या इकडे," ती म्हणाली. "चटणीत टाकते."

आता ती नाही. मला मसाल्याच्या त्या बायकांना जमवून, तिच्या शेजारी उभं राहून बोलायचं होतं. नाकपुड्या न फुगवता, साध्या मराठीत: हिची चूक नव्हती. मला माहीत होतं आणि मी खोटं बोललो. मला माफ कर.