तारा सिस्टरची घाई

तारा सिस्टर तशी कुणाच्या बापाला घाबरणारी नव्हे. कुवेतच्या इस्पितळात, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात तिची निम्मी हयात गेली. बाळंतपणाची घाई करणाऱ्या आयांना ती अशी झापायची की डॉक्टरसुद्धा दाराशी थबकत. पण हल्ली कुवेतमधल्याच मंगफ वस्तीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मुलगा आशय आणि सून सोनल न्यू जर्सीत होते, दोघंही कामाच्या व्हिसावर. सोनलला आठवा महिना लागला होता. आणि तिकडच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला होता: अशा तात्पुरत्या व्हिसावाल्यांची मुलं ठरावीक तारखेनंतर जन्मली, तर ती जन्मानं अमेरिकन होणार नाहीत. सोनलचे दिवस भरणार होते त्या तारखेनंतर.

दुसरी एखादी आजी म्हणाली असती, नाही तर नाही. ताराला ते जमेना. आशय कुवेतमध्येच जन्मला, वाढला; पण इथं जन्माला काही किंमत नाही. त्याचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, बापाच्या नोकरीला टांगलेला. नवऱ्याची, जगन्नाथची, नोकरी गेली आणि दहावीतल्या पोराला साताऱ्याला धाडावं लागलं. विमानतळावर तो म्हणाला होता, "मम्मी, बट धिस इज होम." ते वाक्य ती अजून विसरलेली नाही.

म्हणून दुपारी ड्यूटीला निघण्याआधी तिनं फोन लावला आणि भलतंच बोलली. "सोनल, तारखेच्या आत सिझेरियन करून घे."

"आई, कोर्टानं तो आदेश थांबवलाय. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत लिहिलंय, इथं जन्मला आणि इथल्या कायद्याच्या कक्षेत असला, की तो नागरिक. राष्ट्राध्यक्षांच्या सहीनं घटना बदलत नाही."

"मग भांडण कशाचं?"

"त्या 'कक्षेत' शब्दाचं. शंभराहून जास्त वर्षं त्याचा एकच अर्थ लावला जातोय. सरकार म्हणतं, तो चुकीचा."

"आणि वरच्या कोर्टानं सरकारचं ऐकलं तर?"

"तर काय, माहीत नाही," सोनल म्हणाली.

"मग थांबायचं कशाला? माझं ऐक, बाई. बिनहक्काचं पोर कसं वाढतं, मी पाहिलंय. पाया पडते तुझ्या."

सोनल हळूच म्हणाली, "आई, तुमच्या वॉर्डात माझ्यासारखी बाई आली असती, तर तिला काय सांगितलं असतंत?"

ताराच्या डोळ्यांसमोर काचेच्या पेटीतली बाळं आली. श्वासागणिक आत ओढली जाणारी त्यांची छाती. त्यातली काही तिनं स्वतःच्या हातांनी पांढऱ्या कापडात गुंडाळली होती. हे सगळं ठाऊक असून आपण सुनेला काय सांगत होतो, या विचारानं तिची तिलाच शरम वाटली.

"थांब," ती म्हणाली. "दिवस भरू देत."

फोन ठेवून तिनं ड्यूटीची पिशवी उचलली. नातवाचा श्वास तिनं वाचवला होता. तो कुठल्या देशाचा म्हटला जाणार, हे आता तिनं कधी न पाहिलेले न्यायाधीश ठरवणार होते, आणि त्यांना झापायला जायला तिच्यासमोर कुठलंच दार नव्हतं.