शनिवारी बंद राहणारा गुत्ता

"आमचं तेलाचं," असं म्हणताना मावशी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायच्या. आत्ताच घाण्यावरून उठून आल्यासारख्या.

टोरोंटोत, नॉर्थ यॉर्कच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल, देव जाणे. लाँड्री रूममध्ये एखादा नवा मराठी माणूस भेटायचा, मावशींची अलिबागकडची बोली ऐकून खूश व्हायचा, आणि मग त्यांच्या गळ्यातला सहा टोकांचा तारा बघून चक्रावायचा. "तुम्ही ज्यू? आणि मराठी?" मावशी कपडे मशीनमध्ये टाकता टाकता सांगायच्या, "बेने इस्रायल आम्ही. घाणे चालवायचो आणि शनवारी बंद ठेवायचो, म्हणून लोक शनवारतेली म्हणायचे. आमचं तेलाचं."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, एकच वाक्य पुढे करून त्याच्यामागे निवांत राहणारी. मला पाच वर्षांत एकदाही शंका आली नाही. मी कोथरूडची, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. तरी नाही आली.

उलट खोटं पकडायचा मक्ता मावशींकडेच होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी, आणि दिवसभर ग्रोसरी स्टोअरमध्ये कॅशवर उभं राहणं. संध्याकाळी लिफ्टमध्ये मला बघितलं की विचारायच्या, "जेवलीस?" मी हो म्हटलं की लगेच, "खोटं बोलू नको गो. तोंडावर लिहिलंय." मग त्यांच्याकडे नारळाच्या दुधातलं काहीतरी गरम गरम पुढ्यात यायचं, आणि सोबत माझ्या पोळ्यांचा उद्धारही व्हायचा.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी टोरोंटोतच जन्मलेली, मराठी समजायचं पण उत्तर इंग्लिशमध्ये. मुलगा ज्यू, इथल्याच जुन्या घरातला, चांगला होता. पण त्याच्या घरचे फार कर्मठ, आणि त्यांच्या धर्मगुरूने अट घातली: मुलगी जन्माने ज्यू असल्याचा पुरावा आणा. आणि तोही आईच्या बाजूने, म्हणजे आई, आईची आई, तिची आई. भारतातल्या ज्यूंबद्दल त्याला काही माहीत नव्हतं, एवढाच त्याचा मुद्दा.

मला तर असा राग आला! पण मावशी शांतपणे फॉर्म घेऊन आल्या, मी भरला. 'कुटुंबाचा परंपरागत व्यवसाय' या रकान्यापाशी मावशी बोटं घासून म्हणाल्या, "तेलाचं." मी लिहिलं. खाली 'वरील सर्व माहिती खरी आहे' होतं, तिथे त्यांनी सही केली.

कागद मात्र मिळेनात. गावच्या देवळातलं, म्हणजे त्यांच्या सिनेगॉगमधलं, जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. मावशींच्या आईवडिलांचं लग्नाचं सर्टिफिकेट मुंबईत घर बदलताना गेलं ते गेलंच. मुलीने अलिबागच्या एका लांबच्या मामाला ईमेल केला आणि तो बिचारा सरकारी दप्तरं धुंडाळत बसला. इकडे हॉलचं बुकिंग झालेलं. मुलाच्या आईचे फोन येणं हळूहळू कमी झालं, तेव्हा मुलगी माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "दे विल कॉल इट ऑफ, आय नो इट."

एका रविवारी मामाचा स्कॅन आला. मुलीला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून ती प्रिंट घेऊन धावत माझ्याकडे आली, मागून मावशी. मी किचनच्या टेबलाशी उभी राहून मोठ्याने वाचायला लागले. जुन्या वळणाचं अक्षर, गावकऱ्यांनी अबकारी खात्याकडे केलेला अर्ज.

"आमचे गावी माडीचे दुकान आहे. त्याचा परवाना साराबाई इस्रायल, विधवा, हिचे नावे आहे..."

"पुरे," मावशी म्हणाल्या.

मी वाचतच गेले. मला थांबायचं सुचलंच नाही.

"...सदर बाई दर शुक्रवारी दिवस मावळण्याआधी दुकान बंद करते ते शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत उघडत नाही. शनिवार हा आमचा आठवड्याचा बाजार. बाजारास आलेल्या लोकांची फार गैरसोय होते. विचारले असता बाई म्हणते, आमच्या धर्मात त्या दिवशी चूलसुद्धा पेटवीत नाहीत. तरी परवाना दुसऱ्यास द्यावा."

"मॉम! साराबाई इज युअर ग्रँडमा, राइट? युअर मॉम्स मॉम?" मुलगी उड्या मारायच्या बेतात होती. "दिस इज इट! हेच तर हवं होतं!"

मावशींनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि त्याची घडी घातली. "हे द्यायचं नाही," एवढंच बोलल्या आणि निघून गेल्या.

मी मागे गेले. त्या कोट न घालताच बाल्कनीत उभ्या होत्या, उणे पंधरामध्ये. हाताला धरून आत आणलं तेव्हा बोलल्या. मुंबईला शाळेत मुली त्यांना 'गुत्तेवाली' म्हणायच्या. नाक धरून म्हणायच्या. शेवटी आईनेच शिकवलं, कोणी विचारलं की सांगायचं, आमचं तेलाचं. आजी भेटायला यायची तेव्हा ही पोर तिला शाळेच्या दारात येऊ द्यायची नाही.

"आणि आता सही करून खोटं लिहून दिलंय गो मी," त्या म्हणाल्या. "हा कागद दिला तर म्हणतील, ही एवढं खोटं बोलते तर ज्यू असल्याचंही खोटंच. नाही दिला तर दुसरं आहे काय माझ्याकडे?"

मी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. त्याच पुढे म्हणाल्या, "माडी पण नारळाचीच ना? तू इंग्लिशमध्ये नारळाचं दुकान लिही."

"मावशी, नारळाचं दुकान शनिवारी बंद राहिलं म्हणून कोणी सरकारकडे अर्ज करतं का?"

त्या हसल्या. हसता हसता रडल्या. मग म्हणाल्या, "जसं आहे तसं लिही."

मुलाखतीला मी दुभाषी म्हणून गेले. सबवेत मावशींनी माझा हात सोडला नाही, मुलगी समोर बसून नखं खात होती. धर्मगुरू बारीक, म्हातारा, चष्मा कपाळावर. त्याने एका हातात आमचा फॉर्म धरला आणि दुसऱ्यात माझं भाषांतर. दोन्ही दोनदा वाचलं. खोलीत फक्त हीटरचा आवाज होता.

"इथे तेल लिहिलंय," तो म्हणाला. "आणि इथे दारू."

मी तोंड उघडलं, तर मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. त्यांच्या ग्रोसरी स्टोअरच्या इंग्लिशमध्ये त्या स्वतःच बोलल्या. "तेल खोटं. दारू खरी. माय ग्रँडमदर, शी कीप द पब. मला लाज वाटायची. खोटं मी बोलले, तिने नाही. शिक्षा द्यायची तर मला द्या, माझ्या मुलीला नको."

मुलीने आईकडे पाहिलं. ही गोष्ट ती पहिल्यांदाच इतकी स्पष्ट ऐकत होती.

म्हाताऱ्याने चष्मा खाली घेतला. "बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून तिला काय मिळालं?"

"शिव्या," मावशी म्हणाल्या.

तो शब्द त्यांनी मराठीतच वापरला, मी इंग्लिश करून सांगितला. म्हाताऱ्याने दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग कळवतो म्हणाला.

सोळा दिवस लागले. त्या सोळा दिवसांत मावशींनी मला एकदाही जेवलीस का विचारलं नाही, यावरून काय ते समजा. सतराव्या दिवशी पत्र आलं: सादर केलेले कागद पाहून मुलीचं ज्यू असणं मान्य केलं आहे. मुलगी किंचाळली, मला मिठी मारली, मुलाला फोन लावला. मावशींनी पत्र मला पुन्हा वाचायला लावलं.

"आजीचं नाव कुठाय?"

"नावं नाहीत मावशी. नुसतं 'कागद पाहून' असं आहे."

"तिच्या जिवावर लग्न होतंय, आणि तिचं नाव नाही?" त्या भयंकर चिडल्या होत्या. इतकं चिडलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

आठवड्याभराने त्या लग्नाचं कार्ड द्यायला आल्या. मराठी माणसाच्या पत्रिकेत असतात तशी थोरामोठ्यांची नावं वर छापलेली होती, इंग्लिशमध्ये. कार्ड टेबलावर ठेवून मी चहाला वळले, तर म्हणाल्या, "आधी वाच."

मी मनात वाचायला लागले.

"मोठ्याने."

आज मावशी नाहीत. लग्नानंतर तीन हिवाळे काढून गेल्या. पण तेव्हा माझ्या किचनमध्ये त्या ताठ उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून, आणि मी वाचलं: वधूची पणजी, दिवंगत साराबाई, माडीचे दुकान, तालुका अलिबाग.

"आता या कार्डाची एक प्रत लेकीच्या सासूच्या हातात मी स्वतः देऊन आल्ये," मावशी म्हणाल्या. "तिलाही मोठ्यानेच वाचायला लावलं."