पिशवी काढून टाका

कारखान्याच्या छताखाली धावणारी क्रेन चालवते, म्हणून सगळे तिला क्रेनवालीच म्हणत. जडच्या जड लोखंड अलगद ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण महिन्यातले काही दिवस बाईचे हाल कुत्रं खात नव्हतं. एकदा शिडी चढून केबिनमध्ये बसलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरायची सोय नाही. मग दोन काळ्या पँट, बुडाखाली रबराचा तुकडा, आणि तरी उतरताना शिडी पुसत उतरायचं.

घरी बोलून उपयोग नव्हता. आई, मावशी, ताई, सगळ्यांचं असंच. त्या घरात जिचं कमी जायचं तिलाच विचारायचे, "बरी आहेस ना गं?"

त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं, "पाळी नेहमीसारखी आहे ना?" की ती खरं तेच सांगायची, "हो. आमच्या घरात सगळ्यांचं असंच असतं." डॉक्टर मान हलवून लोहाच्या गोळ्या लिहून द्यायचे.

अहो, घरात सगळ्यांचं असंच आहे म्हटल्यावर तरी कान टवकारायला नकोत? पॅड किती वेळात भिजतं, गाठी पडतात का, एवढं विचारायला काय जीभ झिजते? एवढी वर्षं शिकून हा माणूस फक्त तारीख विचारायचा.

शेवटी ती शिडीवरच चक्कर येऊन लोंबकळली. खालच्या माणसांनी धरली म्हणून वाचली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढून टाका. तुमच्या ताईची काढलीच ना मी? कटकट गेली."

क्रेनवालीचं लग्न उशिरा झालेलं. तिला मूल हवं होतं, आणि हे त्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक होतं. पण नवरा घाबरला, म्हणाला, "तू राहिलीस तरच पुढचं सगळं." ती रडत रडत तयार झाली.

ऑपरेशनआधी भूल देणारी डॉक्टरीण तपासायला आली. खुर्ची ओढून बसली आणि विचारत गेली. दाढ काढल्यावर रक्त लवकर थांबलं होतं का? नाकातून येतं का? आईचं कसं होतं? ताईच्या ऑपरेशनला काय झालं?

"दाढ काढली तेव्हा रात्रभर उशी भिजली. ताईला तर बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवलं," क्रेनवाली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन तिथंच थांबवलं. तपासण्यांत निघालं की तिचं रक्त गोठायलाच वेळ लागतो, जन्मापासून. पिशवीत काही बिघाड नव्हता. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन महिन्यांत बाई माणसात आली.

मग ताईचीही तपासणी झाली. तेच निघालं.

दोघी बहिणी कागद घेऊन जुन्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं. "हे फार क्वचित सापडतं हो," ते क्रेनवालीला म्हणाले. "तुमचं तर निभावलं ना? मग आता कशाला चिडायचं?"

"माझं निभावलं," क्रेनवाली म्हणाली. "हिची तुम्ही चांगली पिशवी कापून काढलीत."

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. ताई उठली नाही. आयुष्यात कधी आवाज न चढवलेली बाई ती, तेव्हाही हळूच बोलली.

"एवढंच सांगा डॉक्टर, गोळ्या दिल्या असत्या, तर मला मूल झालं असतं का?"