मक्याच्या शेतातला हाका

त्या वर्षी दिवाळीआधीच बायको लेकीला घेऊन पुण्याला निघून गेली. सासूबाईंचं आजारपण हे सांगायला कारण होतं, पण परतीचं तिकीट तिने काढलंच नव्हतं. जर्मनीत वाल्डॉर्फजवळच्या एका खेड्यात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालक राहायचे. सत्तरी ओलांडलेले, त्यांची बायको वारल्यापासून एकटेच. सोबतीला एक म्हातारी शिकारी कुत्री.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी त्यांनी दार वाजवलं.

"शनिवारी फेझंट पक्ष्यांची शिकार आहे. हाकेवाले कमी पडतायत. येता का? नाहीतरी वर एकटेच बसून असता."

"मला बंदूक कशी धरतात तेसुद्धा माहीत नाही."

"आल्झो, अहो, बंदूक कोण देतंय तुम्हाला? काठी मिळेल."

आमच्या घरी कोंबडी यायची ती खाटकाकडून, काळ्या पिशवीत. तरी मी हो म्हणालो. शनिवार-रविवार खायला उठायचे.

त्यांनी मला खाली स्वयंपाकघरात बसवून सगळं शिकवलं. केशरी जाकीट घालायचं. रांग सोडायची नाही. रान झोडपत, ओरडत पुढे जायचं, म्हणजे पक्षी उठतात आणि पलीकडे उभ्या असलेल्या बंदूकवाल्यांकडे जातात. "आणि आमच्यासाठी एकच नियम," ते म्हणाले, "पक्ष्यामागे आभाळ दिसलं तरच घोडा ओढायचा. माझ्या वडिलांनी मला हे बंदूक हातात देण्याआधी शिकवलं."

शनिवारी धुकं होतं. कापायचा राहिलेला मका वाळून करडा झाला होता. आम्ही हाकेवाले रांगेने आत शिरलो. माझ्या शेजारी गावातली एक शेतकरीण होती. ती जर्मनमध्ये ओरडत होती, मी मराठीत "हो हो हुर्र" करत होतो. बऱ्याच दिवसांत मी एवढ्या मोठ्याने बोललो नव्हतो.

सकाळभर घरमालकांना एकही पक्षी मिळाला नाही. त्यांचा नेम चुकला की बाकीचे मान वळवायचे.

दुपारच्या हाक्यात माझ्या पायाशीच एक नर फडफडत उठला. तांबूस, लांब शेपटीचा. तो वर गेलाच नाही, मक्याच्या तुऱ्यांखालून सरळ पुढे गेला. बार झाला. पाचोळ्यावर गारा पडाव्यात तसा आवाज आला आणि कानाला छऱ्याचा चटका बसला. शेतकरणीने माझी बाही ओढून मला खाली पाडलं. शिंग वाजलं, सगळं थांबलं.

शिकारीचा म्होरक्या गावातलाच एक मोठा शेतकरी होता. तो धावत आला, माझा कान पाहिला, मग घरमालकांकडे वळला.

"रांगेत झाडलीस?"

"नाही. पक्षी वर होता. मागे आभाळ होतं."

म्होरक्याने मला विचारलं, "होतं?"

घरमालक माझ्याच दिशेने तोंड करून उभे होते, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी.

"नव्हतं," मी म्हणालो. "पक्षी माझ्या छातीएवढ्या उंचीवर होता."

"गेनाऊ, अगदी तेच," म्होरक्या म्हणाला. त्याने त्यांच्याकडची काडतुसं काढून घेतली. "जा, गाडीत बस." वयाने वडिलांएवढ्या माणसाला, सगळ्यांसमोर.

गाडी मी चालवली. रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं,

"जास्त लागलं का?"

"थोडंसं खरचटलंय."

"मला तुम्ही दिसलाच नाहीत," ते म्हणाले. "पक्षीही दिसला नाही. पंखांचा आवाज आला, म्हणून झाडली."

"कधीपासून दिसत नाही?"

"बायको होती तेव्हा टपाल तीच वाचून दाखवायची. कुणाला कळलं नाही." मग म्हणाले, "शिकारसुद्धा सोडली, तर मग उरतं काय?"

रात्री फोनवर बायकोला सांगितलं. "अरे, पण तू तिथे गेलास कशाला?" तिने विचारलं.

बंदुका त्यांनी सरकारदरबारी जमा केल्या. त्यांच्याकडे येणारे शिकारी यायचे बंद झाले. जिन्यात भेटलो की ते आदराने नमस्कार करायचे, पण माझं दार त्यांनी पुन्हा कधी वाजवलं नाही. उन्हाळ्यात त्यांचा मुलगा आला, घर विकायला काढलं आणि वडिलांना वृद्धाश्रमात ठेवलं. कुत्री म्होरक्याकडे गेली. मीही दुसरीकडे खोली घेतली.

एकदा त्यांना भेटायला गेलो. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"लेक कशी आहे? मोठी झाली असेल."

"बरी आहे," मी म्हणालो. ती अजून पुण्यालाच होती.

जेवण आलं. परिचारिका त्यांच्या कानाशी वाकून, ताटाचं घड्याळ करून सांगत होती : बटाटे सहावर, मांस बारावर, कोबी तीनवर. त्यांनी मान हलवली आणि ते काट्याने कोबीच्या जागी रिकामं ताट टोचत राहिले. मी ताट जरासं फिरवून कोबी तीनवर आणून दिला.

"डांके," त्यांनी आभार मानले. त्यांना वाटलं, परिचारिकाच आहे.