नळीतलं रक्त आणि ताईचं रक्त

मंडळी, आज सकाळी माझ्या हातून एक चूक झाली, आणि डोकं अजून गोंधळलेलंच आहे.

मागच्या महिन्यात ताईच्या पायात रक्ताची गाठ झाली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन रोज सात वाजता मी देतो. शिक्षण नववीपर्यंतच, पण घरातले रिपोर्ट माझ्याकडेच येतात, कारण मी एक अक्षर सोडत नाही.

गाठ का झाली ते बघायला केलेला ताईचा अँटिबॉडीचा रिपोर्ट काल आला. रक्त गोठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, असं त्यात होतं. मला वाटलं, रक्त आधीच पातळ आहे, आता आणखी पातळ केलं तर? आज मी सुई दिलीच नाही.

ताई म्हणाली, "काहून रे, डॉक्टर झाला काय तू?"

अकरा वाजता ताईला घेऊन शंकर नगरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच. "भैया, नली में देर से जमता है, शरीर में जल्दी! सुई अभी लगाओ."

सुई तिथेच दिली. तपासणीच्या नळीत उशिरा आणि अंगात लवकर, दोन्ही त्याच अँटिबॉडीमुळे होतं म्हणे. आणि या आजाराचं पक्कं निदान बारा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासल्यावरच.

बूढापाऱ्याला घरी परतताना ताई स्कूटरवर मागून म्हणाली, "वाचत जा बाबू, पण विचारत बी जा."

म्हणून विचारतो. एकच रक्त बाहेर उशिरा आणि आत लवकर कसं गोठतं? कोणी सोपं करून सांगाल का? नाही समजलं, तरी उद्या सात वाजता सुई देणारच आहे.