सायेबांचा तिसरा

आता हे सांगायचं म्हणजे पुन्हा तोंड लपवायची वेळ! पण मी नाही सांगितलं तर आमच्या शेजारची गंगाक्का सांगेल, आणि ती तिखटमीठ लावते. म्हणून मीच सांगतो. एका धडधाकट माणसाच्या तिसऱ्याला मी अर्धी आळी घेऊन गेलो होतो. हसू नका, चहा सांडेल.

मी सातवीनंतर शाळा सोडली. जंगलात मिळेल ती मजुरी केली, पण जीव सगळा सुतारकामात. आमच्या गुंद गावात पेद्रू मेस्त्री म्हणून ख्रिस्ती सुतार आहेत. त्यांच्या हातचा दरवाजा पावसाळ्यातसुद्धा फुगत नाही. महिनाभर धीर गोळा करून मी त्यांना विचारलं, "मला हाताखाली घ्याल?" ते म्हणाले, "शनिवारी ये. सांगतो."

शनिवारी गेलो, तर आत मेस्त्री आणि त्यांचे मेव्हणे मिंगेल तावातावाने भांडत होते. दोन मोठी माणसं भांडताना मध्ये कसं जायचं? मी आपला बाहेर फळ्यांच्या ढिगामागे उभा. बोलणं कोंकणीत. ती आम्हाला चांगली कळते. निदान मला तसं वाटत होतं!

"सायबाक शुक्रारा सांजेर फोंडांत दवरलो," मिंगेल ओरडले. "मागीर आयतारा सकाळीं मेरेन तीन राती कश्यो जातात? दोनच जाल्यो!"

"अरे, तिसरो दीस! तिसरो!" मेस्त्रींनी रंधा आपटला.

राती तीन की दोन, ते बाजूलाच राहिलं; मी पहिल्याच वाक्यावर अडकलो. सायेब शुक्रवारी गेले? संध्याकाळी खड्ड्यात ठेवलेसुद्धा?

आमच्याकडे सायेब एकच. फॉरेस्टातून रिटायर झालेले, नंदिगड्ड्याच्या वाटेवर शेतघरात एकटे राहणारे. ते लिंगायत, त्यांच्यात पुरतातच. आणि मेस्त्रींचं काम चालू होतं तेही त्यांच्याच घरी! सगळं कसं चपखल बसलं, बघा. उद्या तिसरा, आणि ही दोघं अजून दिवस मोजत बसली आहेत, याचंच मला वाईट वाटलं. अशा दुःखात मी कामाचं काय विचारणार? तसाच मागे फिरलो.

घरी आयेला सांगितलं.

"अगं बया! आनि आमास्नी कुणी कळवलं बी न्हाई?"

"रेंज नसंल," मी म्हणालो.

कुंपणापलीकडून गंगाक्काने मान वर काढली. "हार्टच असनार गं. एकटा मानूस!"

संध्याकाळपर्यंत हार्ट मागे पडलं आणि सायेबांना अस्वलाने धरलं. अस्वल मी सांगितलं नव्हतं. पण नाही पण म्हटलं नाही, हे कबूल करतो.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आयेच्या डोक्यावर भाकरी-पिठल्याची टोपली. माझ्या हातात झेंडूचा हार. मागे वीसेक माणसं. फाटकापाशी पोचताच गंगाक्काने मोठ्याने गळा काढला.

दार उघडलं. सायेब बाहेर आले. अंगात बनियन, हातात ब्रश, तोंडाला पेस्टचा फेस.

गंगाक्का रडता रडता आयेच्या मागे सरकली.

"एनप्पा इदु?" सायेब दचकले की कन्नडमध्ये बोलतात. मग मराठीत म्हणाले, "हे काय रं? कोण वारलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता येत नाही हो!

"तुम्ही, सायेब."

"मी? कधी?"

"शुक्रवारी."

सायेबांनी फेस थुंकला. "कुणी सांगितलं?"

"पेद्रू मेस्त्रींनी."

हे बोलून बसलो आणि मग लक्षात आलं. माझं काम तर गेलंच, पण मेस्त्रींचंही घालवलं की मी! सायेब मात्र टोपलीत डोकावले. "पिठलं गरम हाय न्हवं? मग आधी ते खाऊ."

पोटभर खाऊन ते मला घेऊन थेट मेस्त्रींच्या दारात. मेस्त्री आणि मिंगेल नुकतेच चर्चहून आले होते.

"काय मेस्त्री, काम अर्धवट टाकून मला पुरलंत व्हय?"

मग मला सगळं सांगावं लागलं. ढीग, शुक्रवार, अस्वल, हार. मेस्त्री हसत हसत भुश्यातच बसले.

"अरे बाबा, सायब म्हणजे आमचा देव! जेजू, येशू!"

झालं होतं असं. मिंगेल पोरांना धर्माचे धडे शिकवतात. पोरांनी विचारलं, जेजूला शुक्रवारी क्रुसावर मारलं, रविवारी पहाटे तो उठला, मग बायबलात लिहिलेले तीन दिवस आणि तीन रात्री भरल्या कुठे? तेव्हापासून मिंगेल म्हणत होते, मारलं ते बुधवारीच. मेस्त्री शुक्रवार सोडायला तयार नव्हते.

मी हळूच वाटेला लागलो.

"थांब," मेस्त्री म्हणाले. "तू आज तिसरा कसा धरलास?"

मी बोटं पुढे केली. "गेला तो दिवस शुक्रवार, तो एक. शनिवार दोन. आयतवार तीन. सांजच्याला गेला तरी आमच्यात तो दिवस अख्खाच धरत्यात."

"ऐकलंस?" मेस्त्रींनी मिंगेलच्या पाठीत थाप मारली. "जेजूच्या काळातली माणसं अशीच मोजत असतील म्हणून मी घसा फोडतोय!"

"दिवस झाले," मिंगेल म्हणाले. "आणि राती?"

"राती आमच्यात कुणी मोजत न्हाई," मी म्हणालो.

मिंगेलनी पुन्हा बोटांवर राती मोजल्या. "बरं," शेवटी म्हणाले, "बुधवार सोडला. गुरुवार."

मेस्त्रींनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे वळले. "उद्यापासून कामाला ये. आणि ढिगामागून ऐकायचं नाही. आत यायचं."

त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही, खरंच सांगतो!

सोमवारी पहिलं काम कुठलं, तर सायेबांच्या खोलीतलं कपाट. मेस्त्रींनी माझ्या हातात टेप दिली आणि आत पाठवलं. सायेब पलंगावर पडून पेपर वाचत होते. मी टेप उलगडली मात्र, ते ताडकन उठून बसले.

"कपाटाचंच माप घेतोयस न्हवं रं?"