काट्यावर उभे राहू नये

सिगारेट सोडलेल्या माणसाला आपले किस्से सांगावे लागत नाहीत, लोकच गोळा करतात. नरडाण्याच्या आमच्या सरकी ढेपेच्या, म्हणजे गुरांच्या खुराकाच्या, कारखान्यात माझे इतके साठलेत, की नव्या माणसाला आधी भालेरावांचे किस्से ऐकवतात, मग हजेरीचं मशीन दाखवतात! म्हटलं, लोकांनी मीठमसाला लावण्यापेक्षा आपणच सांगावेत.

*

मी डिस्पॅचला, आबा वजनकाट्यावर. आबा साक्रीकडचे, अहिराणी बोलणारे, रिटायरमेंटला टेकलेले. ट्रक काट्यावर आला की केबिनमधून त्याचं वजन घ्यायचं, हे त्यांचं काम. चहाच्या सुट्टीत गेटबाहेरच्या टपरीवर आम्हा दोघांत एकच सिगारेट. आधी आबा, अर्धी झाली की त्यांचा हात उजवीकडे यायचा. तिथे मी असायचो. वर्षानुवर्षं! माझी बायको गेली, त्यानंतर कामावर परतलो त्या दिवशी आबांनी पहिली अर्धी मला दिली.

मग डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून दम भरला आणि मी सिगारेट सोडली. दुसऱ्या दिवशी टपरीवर आबांचा हात उजवीकडे आला.

"आबा, सोडली मी."

आबांनी ती अर्धी हातातच फिरवली, कोणाला द्यावी हे न कळल्यासारखी. "मंग हाई आते कोले देऊ?"

टपरीवर उभं राहिलं की जीव तळमळायचा, म्हणून मी तिकडे जाणंच बंद केलं. सिगारेटबरोबर आबाही सुटले. याचं मला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला? जे सांगायचं ते टपरीवरच सांगायची सवय होती.

*

तोंडाला चाळा हवा म्हणून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये शेव आली. मग शेंगदाणे आले, मग फरसाण. अकाउंट्सच्या पाटील मॅडम म्हणाल्या, "भालेराव, तुमच्या ड्रॉवरला आता जीएसटी नंबर घ्या!"

धुळ्याला घरी मी एकटाच. मुलगा पुण्यात. अजून मला एकट्यापुरता स्वयंपाक जमत नाही, दोघांचा होतो. तो मीच संपवतो.

*

एकदा रिकामा ट्रक काट्यावर लागला. ड्रायव्हर ओळखीचा निघाला म्हणून मी तिथेच उभ्या उभ्या त्याच्याशी गप्पा मारत राहिलो. त्या दिवसांत बोलायला कोणी सापडलं की मी सोडत नसे. ट्रक भरून परत काट्यावर आला, तर हिशेबात माल कमी! मॅनेजर साहेबांनी भर उन्हात सगळी पोती उतरवून मोजायला लावली. पोती बरोबर. परत वजन, परत कमी.

शेवटी आबांनी केबिनच्या खिडकीतून डोकं काढलं आणि माझ्याकडे बोट केलं. "साहेब, कमी पडेल ढेप आठे उभी शे!"

कमी पडलेली ढेप म्हणजे मी: रिकाम्या ट्रकबरोबर मीही मोजला गेलो होतो, तेवढंच मालातून वजा होत होतं. हमाल पोत्यांवर बसून हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी काट्याजवळ पाटी लागली: 'भालेरावांनी काट्यावर उभे राहू नये.'

*

वजन उतरवायला हवंच होतं. जेवणाच्या सुट्टीत मी कंपाउंडच्या कडेकडेने फेऱ्या मारायला लागलो. गेटवर नवा गार्ड आला होता. त्याने थोडा वेळ बघितलं आणि मला अडवलं.

"काका, मघापासून फिरताय. कोणाला भेटायचंय?"

मी खरंच विचार केला. "कोणालाच नाही," म्हटलं.

"मग उगाच फिरू नका इथे!"

*

थंडीत असोद्याला मळ्यात भरीत पार्टी झाली. कपाशीच्या काटक्यांवर भाजलेली वांगी, कळण्याच्या पुऱ्या, बठ्ठा म्हणजे अगदी सगळा स्टाफ! मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, मोबाइलवरच्या फोटोंतून. पाटील मॅडम ओशाळून म्हणाल्या, "तुमचं डाएट चालू आहे ना, म्हणून नाही सांगितलं."

फोटोत आबा एका कडेला बसले होते. उजवीकडे जागा सोडून.

त्या दिवशी मी ड्रॉवरमधली शेव वाटून टाकली आणि दोन फेऱ्या जास्त मारल्या. रागाने चालल्यावर वजन लवकर उतरतं, हे डॉक्टर सांगत नाहीत.

*

पँट कमरेत सैल झाली, पण कोणाच्या लक्षात येईना. घरी बघणारं कोणी नाही. म्हणून एका दुपारी, चहाच्या सुट्टीत सगळे टपरीवर गेलेले बघून, मी पाटीकडे दुर्लक्ष केलं आणि काट्यावर जाऊन उभा राहिलो. आमचा काटा ट्रकांचा, दहा-दहा किलोंनीच बोलतो. मागे गुपचूप बघितलं होतं तेव्हा भिंतीवरच्या डिस्प्लेत नव्वद आले होते. आज लाल आकडे हलले आणि थांबले. ऐंशी!

मी वेड्यासारखा ओरडलो, "ऐंशी!" आवारात कुत्रंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात आकडे पुन्हा हलले. एकशे चाळीस. काटा बिघडला की काय म्हणून मी मागे वळलो.

मागे आबा उभे होते. चहाच्या सुट्टीत, टपरी सोडून, दोन्ही हात रिकामे.

"आते दोन्हीस्नं वजन देख, भाऊ."